हाताची जागा

सुकापुरातला तो शोभेच्या माशांचा दुकानदार सगळं वितीनेच मोजायचा. माझ्या समुद्री माशांच्या टाकीखालच्या अरुंद कपाटात, पाण्यातली घाण फेसात ओढणारा स्किमर मावेल का, हे त्याने घरी येऊन अंगठा-करंगळी ताणून सांगितलं, “बसंल ना शेट!” दुकानात मी तासभर घासाघीस केली, तो माशांना खाणं टाकत नुसता हसला.

स्किमर बसला. पण त्याचा फेस साठणारा कप धुवायला वर उचलावा, तर बोटभर जागा नाही. कप तुंबला, पाणी सडलं, लेकीचे दोन्ही मासे मेले.

मी जाऊन ओरडलो. तो म्हणाला, “तुमी मशीनची जागा इचारली शेट, हाताची नाय.”

त्याच्या दुकानातल्या टाकीखाली मात्र स्किमरच्या वर कोपरापर्यंत हात जातो. मी घालून पाहिला.