वाचणारा माणूस

मुलांनो, लातूरला मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची, तेव्हा दुसऱ्यांनी लिहून सोडलेले संगणकाचे प्रोग्राम वाचणारा एक माणूस तिथे होता. शब्दावर टिचकी मारली की तो कुठेकुठे वापरलाय त्याची यादी त्याच्या पडद्यावर यायची. "म्याडम, नावाला भुलू नका. प्रोग्रामचा कोणता भाग कोणाला बोलवून राहिलाय ते बघा," असं सुपारी कातरत म्हणायचा.

भूकंपात घर गेलेली एक मुलगी पहिल्या तुकडीतून खाली आली. वसतिगृह पहिल्या तुकडीलाच होतं. मला निकालाचाच संशय आला, म्हणून मी त्याला निकालाचा प्रोग्राम उघडायला लावला. पाच मिनिटांत त्याने ओळ दाखवली: संचालकांच्या नातलगांना दहा गुण जादा.

"काढा ती."

"मला वाचायला ठेवलंय, म्याडम. खोडायला न्हाई."

त्याने पडदा बंद केला. मुलगी त्याच आठवड्यात गावी परतली. इतकं नीट वाचणाऱ्या त्या माणसाचा मला आजही संताप येतो.