गाडीला उजवा कौल

मला मोटरसायकल हवी होती. स्कूटी नाही, गिअरची मोटरसायकल. हे घरात एकदा बोलून गेले आणि वाडीतल्या ज्या माणसांनी मला जन्मात कधी चहा विचारला नव्हता, तीसुद्धा मत द्यायला अंगणात येऊन बसू लागली.

मी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. मला शिफ्ट इन्चार्ज करायचं ठरत होतं, पण पहिल्या पाळीला लॅब इन्चार्जनेच उघडायची असते, म्हणजे कंपनीच्या बसच्या आधी पोचायचं. एवढ्या पहाटे आमच्या वाडीतून हायवेपर्यंत रिक्षा मिळत नाही. एसटीचं तर नावच नको. साहेबांनी सरळ सांगितलं, जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी बघू. तो दुसरा कोणी तरी माझ्यानंतर नोकरीला लागलेला होता आणि त्याचं काम मीच रोज तपासून देत होते. त्याच्याकडे फक्त गाडी होती.

स्कूटी नको, कारण आमचा चढ. सुट्या खडीवर लहान चाकं घसरतात. थोरल्या काकांच्या सुनेची स्कूटी दोनदा कडेच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी सल्ला स्कूटीचाच. बाईमाणूस टांग टाकून बसलेलं बरं दिसत नाही म्हणे. गडग्यावर आदळलेलं बरं दिसत असावं.

आमच्याकडे शेवटचा शब्द थोरल्या काकांचा, म्हणजे बाबांच्या दादाचा. आई माझ्या बाजूने होती, पण स्वयंपाकघरापुरती. बाबांना मी रोज विचारायचे आणि ते रोज ‘बघू’ म्हणायचे. शेवटी त्यांनीच काकांसमोर सुचवलं, उद्या देवाला कौल लावू. माझं डोकंच फिरलं. माझ्या भावाने गाडी घेतली तेव्हा देवाला कोणी त्रास दिला नव्हता. तो थेट पेढे घेऊन घरी आला होता. त्याच दुपारी मी खेडला जाऊन मोटरसायकल बुक केली आणि घरी कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणं घातलं, लेकराला गाडी घ्यायची आहे, तुझ्या मनात असेल तर तसं दाखव. काका आणि बाबा मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पडली.

काका एकदम मोठ्या मनाचे झाले. “देवान दिलान परवानगी. आता घे गो खुशाल.”

मला आनंद व्हायला हवा होता, पण तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी माझी, पहाटे उठणार मी, आणि परवानगी द्यायची एका पाकळीने?

“गाडी मी कालच बुक केलीय,” मी म्हटलं. “डावी पडली असती तरी घेतलीच असती.”

गुरव समईची वात सारखी करू लागला. काका चपला घालून तरातरा निघून गेले.

घरी येताना बाबा पुढे आणि मी मागे. ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. पऱ्ह्याच्या ओढ्यावर लहानसा पूल आहे, त्या साकवापाशी ते थांबले.

“डावी पडली असती तर मी परत लावायला सांगणार होतो,” ते म्हणाले. “उजवी पडेस्तोवर.”

“मग घरीच हो का नाही म्हणालात?”

“माझ्या ‘हो’ला या घरात कोण विचारतो? देवाचा शब्द दादा मोडत नाय, म्हणून देवाकडे गेलो.”

मला गलबलून आलं. राग मात्र गेला नाही, आणि तो का जावा? मी त्यांना सांगितलं की मला देवाचं हो नकोच होतं, तुमचं हवं होतं. ते साकव उतरून पुढे गेले.

गाडी आणायचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला. दुसऱ्याच दिवसापासून इन्चार्ज म्हणून माझी पहिली पाळी सुरू होत होती. काका सकाळीच येऊन पडवीत बसले. देवाचा मान ठेवला नाहीत, निदान आज नवं वाहन दारात आणू नका, नोकरी काय पळून जाते, असं त्यांचं चाललं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन आतून आले.

“चल गो,” ते मला म्हणाले. “गाडी आजच आणायची.”

काकांनी विचारलं, हे कोणाला विचारून ठरवलंस?

“कोणाला नाय विचारलं,” बाबा म्हणाले. ते काकांकडे बघूनच बोलत होते. “माझं हो हाय.”