उतरतानाच्या पांढऱ्या पट्ट्या

बायकोचं संगीताचं पुस्तक हरवलं नव्हतं. मीच ते कपाटावर जुन्या चादरींखाली ठेवलं होतं. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आमच्या इंदुरी गावच्या भजनात मी वीसेक वर्षं पेटी वाजवतो, त्यामुळे घरात सुरांचा शेवटचा शब्द माझा. हिनं पंचेचाळिशीत लोणावळ्याला कीबोर्डचा क्लास लावला तेव्हा मला गंमतच वाटली. परीक्षेला मेलोडिक मायनर नावाचं पाश्चात्त्य सप्तक होतं. ‘ए’पासून सुरुवात, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, फक्त सहावा आणि सातवा सूर अर्ध्या सुरानं चढवून काळ्यांवर घ्यायचे. लक्षात राहावं म्हणून तिनं त्या दोन काळ्यांवर आपल्या लाल टिकल्या चिकटवल्या. उतरताना मात्र ती पांढऱ्यांवरूनच खाली यायची.

“जाताना टिकल्या दिसतात, येताना चष्मा काढून ठेवतेस का?”

“अहो, बाईंनी असंच सांगितलंय.”

“मग ऐकण्यात चुकली असशील. ज्या जिन्यानं चढलो त्यानंच उतरायचं, त्यात काय एवढं?”

तिला ते पटलं. म्हणजे मी म्हणतोय म्हणून पटलं. आठ दिवस शेजारी बसून मी तिला काळ्यांवरून उतरवलं. परीक्षेतही तिनं तेच वाजवलं. परीक्षकांनी पुन्हा वाजवायला सांगितलं, पुन्हा तेच. मग हात गोंधळले आणि पुढचं सगळंच बिघडलं. नापास झाली. घरी येताना एवढंच म्हणाली, “मला कानच नाही हो.”

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी तिचं ते इंग्रजी पुस्तक उघडलं. चढताना दोन सूर वर, उतरताना तेच दोन परत खाली. शेजारी बाईंनी पेन्सिलीनं खाली येणारा बाणही काढलेला. पुस्तक तेव्हाच कपाटावर गेलं. तिनं चार दिवस शोधलं, मग क्लासच सोडला. दोन वर्षं कीबोर्डवर टेबलक्लॉथ होता.

गेल्या हिवाळ्यात भजन संपल्यावर आमचे मुख्य गाणारे आबा म्हणाले, “भाऊ, वर जाताना एक वाट धरता न् येताना दुसरीच. लय ग्वाड वाटतंय बगा.”

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. आबांच्या गळ्यामागं जाताना ती बोटं वर्षानुवर्षं हेच करत होती. मी कधी बोटांना विचारलंच नव्हतं.

घरी येऊन पुस्तक काढलं, धूळ झटकली. “सापडलं बघ,” म्हणत तिच्या हातात दिलं. तिनं तो बाण पाहिला आणि खळखळून हसली.

“म्हणजे उतरताना पांढऱ्याच! तुम्हालाही माहीत नव्हतं ना?”

“नाही,” मी म्हणालो.

आता क्लास पुन्हा चालू आहे. सकाळी मी मेथी निवडत बसतो आणि आत ती वाजवते. चढताना सूर जरा ताठ होतात, उतरताना मऊ पडतात. टिकल्यांचा रंग उडालाय, तरी तिनं त्या काढलेल्या नाहीत. घर बरं वाटतं. पुढच्या परीक्षेचा फॉर्मही तिनं भरलाय.

पुस्तक मी लपवलं होतं आणि तिचा कान पहिल्यापासून बरोबर होता, एवढं मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.