गॅलनमागे अठरा मैल

जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. गादी उचलायची, झाकण फिरवायचं आणि खुणा केलेली बांबूची काठी आत बुडवायची. जेवढी काठी ओली, तेवढं पेट्रोल. परतवाड्याला लाकडाच्या एका ठेकेदाराकडे माझी जीप भाड्याने लागली होती, तेव्हा रोज निघताना आणि आल्यावर अशी काठी बुडायची. देशात अजून मैल आणि गॅलन चालत होते. शेठ गॅलनमागे चौदा मैल धरून पेट्रोल द्यायचा. वाचलं तर चालकाचं, कमी पडलं तर चालकाच्या खिशातून.

अकोल्यात कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर मी क्लीनर होतो. तिथून लष्कराच्या लिलावातली जुनी जीप स्वतःच्या नावावर करेपर्यंत मला कोणी एक नटसुद्धा फुकट दिला नाही. अपवाद एकच. शेठच्या घरच्या जीपवर अचलपूरचे एक वयस्कर मुसलमान चालक होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिल्याच दिवशी ते माझ्या शेजारी बसले आणि फर्लांगभर गेल्यावर म्हणाले, "चप्पल काढ."

"काहून?"

"पायाले समजू दे, किती दाबून राहिला ते."

उन्हाळ्यात पेडलचं लोखंड तापायचं, तरी महिनाभर मी अनवाणी गाडी चालवली. पुढे बैलगाडी दिसली की ब्रेक शोधायचा नाही, लांबूनच पाय उचलायचा. इंजिन ओरडायच्या आत वरचा गिअर टाकायचा. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना पाहायची. सुटे जॅक, साखळ्या, रिकाम्या पेट्या उगाच गाडीत वागवायच्या नाहीत. चारही चाकांची ओढ फक्त चिखलात लावायची. घाटात उतरताना बाकीचे चालक इंजिन बंद करून गाडी सोडून देत. चाचा ते करू देत नसत. "दोन घोट पेट्रोलसाठी दरीत जाशीन का बे?" एवढंच म्हणायचे.

दोन वर्षांत माझी जीप गॅलनला अठरा मैल देऊ लागली. चाचांची मात्र चौदालाच अडायची. ते म्हणायचे, इंजिन थकलं. सगळे ते मानत. मीही मानत होतो. त्यांचा उजवा गुडघा जिना चढताना वळत नाही, हे मला दिसायचं, पण मी ते कधी बोललो नाही.

मग मी ती चूक केली. नव्या हंगामाचं भाडं ठरवायला शेठकडे बसलो होतो. मी वाढवून मागत होतो आणि शेठ पान जुळवत होता.

"तुयी गाडी लय पेते," तो म्हणाला. "भाडं कायचं वाढवू?"

भाव करताना आपल्या हातातली वस्तू दाखवायची नसते, हे मी लोकांना शिकवायचो. पण गाडीला नाव ठेवलं आणि माझं डोकं फिरलं.

"पेते? मी गॅलनला अठरा काढतो, अठरा! काठी आणा!"

शेठने पानाची घडी घातली. पान तोंडात टाकलं आणि मान हलवली. आठवड्याने दोन्ही गाड्यांना अठराचं माप लागू झालं. माझी कमाई गेली ते गेलं, चाचांना तर दर फेरीला पदरचं पेट्रोल घालावं लागलं. त्यांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. एकतर काम सुटणार, नाहीतर माप बदलणार.

मी शेठकडे भांडायला गेलो. म्हटलं, चाचांच्या गाडीचं इंजिन अठराचं नाही, चौदाचंच आहे. शेठ म्हणाला, "असं? मंग तूच चालवून दाखव. मी बसतो बाजूले. चौदा निघाले तर चौदा देतो."

मला वाटलं, सौदा जिंकला. गाडी वाईट चालवायला काय लागतं? बाहेर आल्यावर मी चाचांना सांगितलं, असा पाय देतो की गाडी पाण्यासारखं पेट्रोल पिईल. चाचांनी दाढी खाजवली. "जमन तुले?"

"न जमायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत काठी बुडवून खूण केली. परतवाडा ते सेमाडोह आणि परत, साठ मैल. शेठ माझ्या बाजूला, चाचा मागे. पहिले चार-पाच मैल मी ठरवल्याप्रमाणे चालवली. गिअर उशिरा बदलले, बैलगाडीपाशी जाऊन करकचून ब्रेक मारला. शेठ पुढच्या दांडीला धरून बसला होता. थोड्या वेळाने हसला.

"काय बे, हेच का तुये अठरा? माया म्हशीवाला याहून बरी चालवते. ट्रक पुसून पुसून डायवर झाला तू, मले मालूम हाय."

मागून चाचा खोकले. मला कळलं कशासाठी ते. मी पुन्हा पाय दाबला.

"आन् मी येड्यावानी तुयी अठराची गोष्ट खरी मानली," शेठ म्हणाला. "ती काठी बी तूच कापली असशीन खालून."

मला खोटारडा म्हटलं. चाचा पुन्हा खोकले, या वेळी मोठ्याने. मी ते ऐकलं, हे कबूल करतो. पण घाट सुरू झाला आणि पाय आपोआप हलका झाला. वळणाच्या आधी उचलला, चढाला बेताने दिला. सेमाडोहच्या डेपोत मी इंजिन ताबडतोब बंद केलं. परतीच्या वाटेवर तर एकदाही जोरात ब्रेक लावला नाही. शेठने पुढची दांडी सोडली होती आणि तो आरामात टेकून बसला होता. चाचाही नंतर खोकले नाहीत.

परतवाड्याला खुणेपर्यंत टाकी भरली. साडेतीन गॅलनसुद्धा लागलं नाही. शेठने मनात भागाकार केला.

"सतराच्या वर. मंजे गाडी बरोबर हाय. चाचा, तुमचंच वय झालं."

मी ओरडलो, की ही माझ्या पायाची कमाई आहे, गाडीची नाही. शेठ म्हणाला, "मंग तुयाच पायानं चालव तिले. तुया जीपवर दुसरा कोणी ठेव."

मी आई-बहिणीवरून शिव्या दिल्या आणि निघून आलो. आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो, कारण मी नसतो गेलो तर चाचांच्या सीटवर दुसराच कोणी तरी बसला असता. स्टँडवरचे लोक अजून म्हणतात, याने चाचाच्या पोटावर पाय दिला. माप कोणी बदललं, मला डिवचलं कोणी, हे कोणी विचारत नाही. शेठला आजही सगळे रामराम करतात. सांगून सांगून मी थकलो.

शेठच्या जीपची किल्ली घ्यायला मी अचलपूरला चाचांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेभर जुळवलं होतं. ते उंबऱ्यावर पाय लांब करून बसले होते. किल्ली त्यांनी आधीच काढून ठेवली होती.

"बस," ते म्हणाले. "थंडीत चोक वढला का लगेच आत ढकलजो, नाई तर काळा धूर मारते. तिसऱ्या गिअरात थोडी घरघर करते, भेऊ नको. डाव्या बाजूचा दिवा ढिला हाय."

मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी..."

"आन् पंख्याचा पट्टा पाहून घेजो. मी सांगणारच होतो शेठले, राहून गेलं."

ते गाडीचंच सांगत राहिले. मी एकेक गोष्ट ऐकून हो म्हणत राहिलो.