ज्ञानेशचा खुंट बनात नाय

ज्ञानेश माझा धाकटा भाऊ. नाशिकला गंगापूर रोडला राहायचा, कॉलेजात कायदा शिकवायचा. मागच्या श्रावणात गेला, हार्टअटॅक आला. मी चौथी शिकलेली, सासर सुटलं तवापासून गावी देवळ्याकडं शेत बघते. त्याची बायको शुभांगी म्हणली आक्का, कॉलेजवाले त्यांच्यावर पुस्तक काढतायत, तुम्ही बोलता तसंच लिहा. म्हणून मोबाईलवर लिहिते.

आमच्या गावाला म्हसोबाचं बन हाय. आंबा, जांभूळ, करंज, सगळी जुनी झाडं. तिथलं वाळलेलं लाकूड बी कोणी चुलीला आणत नाय. फक्त मयत झाली तर देवाला नारळ फोडून एक झाड तोडायचं, एवढी सूट पहिल्यापासून. आणि ज्याला जाळलं त्याचं नाव त्या खुंटाला. हा गोटीरामआजाचा खुंट, हा वत्सलाबाईचा. गुराखी दुपारी आजाच्या खुंटावर बसून भाकरी खातात.

ज्ञानेशचा अभ्यास जमिनीच्या कायद्याचा. अशी देवाची बनं कागदावर कोणाची आणि कायद्यानं ती कशी वाचवायची, हे तो धुंडायचा. आमचं बन कागदावर नुसतं गायरान, म्हणजे गुरं चारायची जागा. तो म्हणायचा, आक्का, कागदाला हितं झाड दिसतच नाय, गावानं राखलं तर राहील. सुट्टीत आला की टेप घेऊन बनात. सरपंच नाथाभाऊ पारावरून ओरडायचा,

"ओ प्रोफेसर, म्हसोबा किती फूट भरला?"

"टेप कमी पडला, तुझं उपरणं दे!"

नाथाभाऊची आई साळूबाई लय म्हातारी. एकदा ज्ञानेशनं तिला हाताला धरून बनात नेलं, मी बी होते. ती एकेका खुंटावर काठी ठेवून नाव सांगायची. मग एकाजवळ थांबली.

"हा कोणाचा रं? हितं तर कोणी मेलं नाय."

असे बिननावाचे लय निघाले. मेलेल्या माणसांपेक्षा खुंट जास्त. मयत एक व्हायची आणि झाडं चार-पाच जायची, कांदाचाळीला. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

ज्ञानेशनं ग्रामसभेत सांगितलं, ही मयतीची सूटच बंद करा, सगळं त्यातूनच जातंय. लय गलका झाला. नाथाभाऊ उठला.

"मग आमच्या माणसाला काय काडेपेटीवर जाळायचं का?"

"गोवऱ्या हायेत, बांधाची बाभूळ हाय."

"गोवऱ्यांवर पहिला नंबर कोणाचा?"

"माझा लाव."

सगळे हसले आणि हसता हसता ठराव झाला. त्यानंतर गावात कोणी गेलं नाय. पहिला हाच गेला.

नाशिकहून गाडी आली तवा पाऊस चालू होता. त्याला ओट्यावर ठेवलं. शुभांगी त्याच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं नाथाभाऊ चार-पाच जणं घेऊन आला, कोणाच्या खांद्यावर करवत होती. डोळे लाल झालेले त्याचे.

"आक्का, जांभूळ काढतो एक. बन त्याच्यामुळं राहिलं, त्याला नाय द्यायचं तर कोणाला?"

मला बी वाटलं द्यावं. वाटणारच. आमच्या बापाचा खुंट हाय तिथं, त्याच्या बाजूला ह्याचा झाला असता.

मी म्हणलं, "आणि उद्या तू गेला तर?"

"मी काय, मला नको."

"तुझी पोरं म्हणतील, सरपंच होता, त्याला बी एक. मग परवा उपसरपंच."

"आक्का, आज भांडू नको."

"भांडत नाय. ठराव तूच केला ना? करवत घरी ठेव आणि ट्रॅक्टर घेऊन ये."

तो शुभांगीकडं बघायला लागला. ती म्हणली, "आक्का म्हणतात तसं करा, भाऊजी."

पावसाळ्याला म्हणून मी पडवीत गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. सगळ्या दिल्या. बांधावरची वाळकी बाभूळ दिली. माणसं परत आली ती धुरानं खोकत. नाथाभाऊ म्हणला लय वेळ लागला, धूर बसतच नव्हता. चूल पेटवायला घरात गोवरी नव्हती, शेजारून आणली.

भाद्रपदात साळूबाई गेली. गावात सगळे बघत होते, आता सरपंच काय करतो. बन त्याच्या घरामागंच हाय, आणि तिचं एक आवडतं करंजाचं झाड होतं तिथं. कोणी अडवलं बी नसतं.

मी त्यांच्या घरी निघायच्या तयारीत, तेवढ्यात नाथाभाऊच दारात. डोक्यावर पोतं, ओला चिंब.

"आक्का, गोवऱ्या हायेत का गं?"

"परत थापल्यात थोड्या. वरच्या घे, खालच्या अजून ओल्या हायेत."