डुकराच्या वाटेवर एकटा

शिकारीला माणसानं एकट्यानं जावं, असं आमच्या बाबांचं ठाम मत. तरुणपणी त्यांनी एकट्यानं डोंगरात जाऊन रानडुक्कर पाडलं होतं आणि ते डुक्कर अजून आमच्या घरी जेवायच्या वेळेला हमखास हजर असतं. माझ्या लहानपणी ते गोऱ्ह्याएवढं होतं, आता म्हशीएवढं झालंय.

मी शहरात, राजापेठेत ट्यूशन क्लास चालवतो. शेती परतवाड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं बाबा राहतात. यंदा डुकरांनी हरभरा पार नांगरून ठेवला, तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी काढली. बंदूक घरचीच, परवान्यावर आता माझंही नाव आहे. बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून मी. खरं सांगतो, हरभऱ्याचं मला फारसं पडलं नव्हतं. बाबांनी जन्मात एकदा 'शाब्बास' म्हणावं, एवढ्यासाठी या वयात ढेरी सावरत मी डोंगर चढायला निघालो.

आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याला "कुठं चालले?" विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही, आणि उत्तर न देणं म्हणजे माज. गावाबाहेर पडेस्तोवर तंगडी एकाची, काळीज दुसऱ्याचं, असे वाटे पडूनही गेले. मेलेलं डुक्कर खात्याच्या हवाली करावं लागतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"मंग सायबाले बी एक वाटा दे ना बे," एक काका म्हणाले.

उजाडता उजाडता नाल्याच्या वर, करवंदीच्या जाळीआड बसलो. वारा तोंडावर, डास कानात, पायाला मुंग्या. मोबाइल बंद करणार होतो. पण बाबांचा फोन लागला नाही की ते अख्ख्या गावाला फोन लावतात, म्हणून चालू ठेवला. ही अक्कल माझीच.

आणि डुक्कर आलं. सुळेवालं, निवांत. म्हशीएवढं नव्हतं, पण मला पुरे होतं. बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला आणि खिशात खंजिरीवरचं भजन सुरू झालं. डुकरानं मान वर केली, दोन ओळी ऐकल्या आणि झुडपं मोडत पल्याड गेलं.

"बसला का बे नीट?" फोनवर बाबा.

मी फोन कापला. तोंडात आलेल्या शिव्या डोंगराला दिल्या.

खाली उतरलो तर आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढ सुरू होतो तिथंच, बाबा बसलेले. वर्षभर अंगणाबाहेर न पडलेला माणूस! शेजारी काठी, गुडघ्याला फडकं, हातात तो फोन.

"तुमी इथं कावून आले? गेलं ना डुक्कर तुमच्या फोनानं!" मी ओरडलो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कुठं फाटलंय का, रक्त आहे का.

"तुले काही केलं नाई ना त्यानं?"

"काय करते? भजन ऐकून गेलं."

बाबा हसले नाहीत. "मी पैल्यांदा गेलतो, तवा माहा बाप बी इथंच बसला व्हता. लय चिडलतो मी त्याच्यावर."

"मंग आजलोक एकटा गेलतो म्हणून कावून सांगून राहिले आमाले?"

"एकटाच गेलतो," बाबा म्हणाले आणि उठवून घ्यायला हात पुढं केला. "तो तं खाली व्हता."