सीटच्या दांडीवरची खूण

"सायकल लांबलीय!" निवृत्त पोस्टमन आठवड्यात तिसऱ्यांदा तणतणत सायकलच्या दुकानात आला. हँडल धरलं की बोटं बधिर व्हायची, मान आखडायची. आणि घरी लेक सायकल विकायला टपलेलीच होती.

दुकानवालीनं टेप लावून बघितला. "काका, सायकल आहे तेवढीच आहे. तुम्ही आखूड झालात."

"मी? चाळीस वर्षं याच खुणेवर बसतोय!" सीटच्या दांडीवर त्यानंच कानशीनं ओरखडा काढला होता.

तिनं हँडल वर घेतलं, सीट खाली. खूण नळीत गडप झाली.

तो फेरी मारून आला. मान सैल होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

"खूण गेली गं."

"आतच आहे, काका."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "मग अजून अर्धं बोट खाली घे. आणि लेकीला सांगू नकोस."